गच्चीवरून जाणारी गार हवा

(दृश्य: नागपूर, मे महिना. मंगल कार्यालयाची गच्ची. उन्हात चमकणारा उघडा डक्ट.)

दुपारचा एक. गच्चीवर अनवाणी पाय टेकवून दाखवा. या चौकोनी डक्टमधून खालच्या हॉलला गार हवा जाते. मशीनमधून निघताना 13 अंशांची. शेवटच्या जाळीशी पोचते तेव्हा किती, हे पंगतीच्या त्या टोकाला बसलेल्यांना विचारावं. ते पंखा मागत असतात.

वाटेत किती उष्णता शिरली, हे काढायला कागद-पेन्सिल पुरते. समजा डक्ट 600 बाय 400 मिलिमीटरचा. घेर 2 मीटर, लांबी 20, म्हणजे 40 चौरस मीटर पत्रा. बाहेर सावलीत 43 अंश. फरक 30 अंशांचा.

आता खरी गंमत. हा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, 0.8 मिलिमीटर जाडीचा. तो उष्णता किती अडवतो? जवळजवळ काहीच नाही. जाड पत्रा घाला, गारवा टिकेल, असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकून फक्त बिल वाढतं. जे काही अडतं ते पत्र्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या हवेच्या पातळ थरांमुळे. आतली हवा सेकंदाला 6 मीटर वेगाने घासत जाते, त्यामुळे आतला थर झिजलेला. बाहेरची हवा संथ, म्हणून तिचा थर जाड, आणि निम्म्याहून जास्त अडवणूक त्याचीच. दोन्ही मिळून हिशोब येतो: दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला, साधारण 6.4 वॅट.

6.4 गुणिले 40 गुणिले 30. 7,680 वॅट! एक टन म्हणजे 3,517 वॅट, म्हणजे दोन टनांहून जास्त गारवा गच्चीवरच सांडला.

(दृश्य: हॉलमधली शेवटची जाळी, खाली थर्मामीटर.)

आकडा थोडा फुगलेला आहे, कारण हवा पुढे जाता जाता तापते आणि फरक कमी होत जातो. या डक्टमधल्या हवेला एक अंश चढायला सुमारे 1,740 वॅट लागतात. घटता फरक धरला तर शेवटी हवा 17 अंशांची निघते. चार अंश वाटेतच गेले. डॅम्पर, म्हणजे डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप, आवळून हवा निम्मी केलीत तर आणखी वाईट: रेंगाळणारी हवा सहा अंशांहून जास्त तापते. आणि हे सगळं सावलीतलं. ऊन थेट पडत असेल तर बाहेरचं तापमान 43 धरून भागत नाही.

25 मिलिमीटर जाडीचं नायट्राइल रबर, म्हणजे फोमसारखं इन्सुलेशन, गुंडाळलं, की 6.4 चे 1.15 होतात. हवा एक अंशही चढत नाही.

(दृश्य: जुलै. फॉल्स सीलिंगच्या वर, टॉर्चच्या उजेडात.)

पावसाळ्यात हिशोब वेगळाच. बाहेर 30 अंश, हवेत ओल भरपूर. उघडा पत्रा 18 अंशांवर, आणि अशा हवेत दव 24 अंशांच्या आसपासच धरतं. इथे जोडाच्या फ्लॅंजवर, म्हणजे डक्टचे दोन तुकडे जोडणाऱ्या कडेवर, चार बोटं इन्सुलेशन सुटलंय. टेप लावायची राहिली असावी. पत्र्यावर मोत्यासारखे थेंब, एक लोंबतोय. खाली जिप्समच्या टाइलवर चहा सांडावा तसा पिवळा डाग, कडेने अजून ओला.