फुटबॉलात अडकलेला दगड

नमस्कार श्रोतेहो. मुतखडा म्हटलं की आपला हात आपसूक कमरेकडे जातो. आज बोलायचंय ते ओटीपोटातल्या खड्याबद्दल. किडनीतला नव्हे, लघवीच्या पिशवीतला. पुन्हा सांगतो, पिशवीतला.

तासगाव भागातले एक आजोबा आले होते. द्राक्षबागायतदार, सत्तरी ओलांडलेली. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मोटर चालू हाय, पाणी येईना. फुटबॉलात दगड अडकलाय." विहिरीवर मोटर असलेल्यांना फुटबॉल म्हणजे काय ते सांगायला नको; बाकीच्यांसाठी सांगतो, मोटरच्या पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला असते ती झडप, फूट व्हॉल्व्ह. नातू मान खाली घालून हसत होता, पण म्हाताऱ्याचं निदान चोख होतं. धार सुरू व्हायची, मध्येच तुटायची. मग जरा एका कुशीवर कललं की पुन्हा सुरू. खडा तोंडावरून बाजूला सरकायचा, दुसरं काय! चार महिने कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं चालली होती. लघवीला लाल झालं तेव्हा सून म्हणाली, आता गाडी काढा.

सोनोग्राफीत खडा निघाला साडेतीन सेंटिमीटरचा. एवढा खडा कढणानं पडत नाही हो.

"टाके किती?"

"एकही नाही."

"आमच्या चुलत्याचं तर पोट फाडलं हुतं."

कमरेत भूल दिली, आजोबा टक्क जागे. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण आत घातली, तिच्यातून लेसरची बारीक तार. पडद्यावर पिवळाधमक खडा दिसला आणि हे ओरडले, "हळदीचा गड्डा की ओ!" लेसरनं त्याचा चुरा केला, पाण्याच्या झोतानं धुऊन बाहेर काढला. मूत्रमार्गातून खडा फोडायची ही वाट जुनीच आहे; 1824 साली पॅरिसमध्ये सिव्हियाल नावाच्या सर्जननी ती दाखवली, तेव्हा लेसर नव्हता. खडा फारच मोठा असेल तर बेंबीखाली छोटंसं छिद्र पाडून काढतात.

आता मुद्द्याचं. खडा झाला कशानं? आजोबांची प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या पिशवीच्या तोंडाशी असलेली गाठीसारखी ग्रंथी, वाढलेली. पिशवी पूर्ण रिकामी व्हायची नाही, साठलेल्या लघवीत क्षार जमत गेले. पाणी कमी पिणं त्यात भर घालतं. (पूर्वी पाहुण्यापुढे आधी तांब्या यायचा. आता थेट चहा, तोही चिमणीच्या घोटाएवढ्या कागदी कपात. मला हे अजिबात पटत नाही.) तर खडा फोडून भागत नाही, पिशवी रिकामी झाली पाहिजे. खडा फोडून भागत नाही! म्हणून त्यांची प्रोस्टेटही दुर्बिणीनंच, त्याच वेळी तासली.

थोडा चुरा तपासणीला पाठवला, उरलेला आजोबांनी बाटलीत मागून घेतला. पुढच्या खेपेला ती बाटली खिशात, आणि मागे भावकीतले दोघे म्हातारे, अवघडून उभे.

"डॉक्टरसाहेब, ह्यांची बी मोटर बघा."