न झालेल्या आजाराचा हिशेब कोण ठेवणार?

नमस्कार. सरकारी आरोग्यसेवा सुधारायची म्हटलं, की पहिली घोषणा होते नव्या हॉस्पिटलची. खाटा लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या खाटेपर्यंत पोचायची वेळच कमी लोकांवर येईल, यासाठी काय करता येतं? आज त्याबद्दल बोलूया.

फिनलंडच्या पूर्वेला नॉर्थ करेलिया नावाचा भाग आहे. १९७०च्या आसपास तिथे ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने जात होते, आणि ते प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या भागांमध्ये मोडायचं. शेवटी लोकांनीच सरकारकडे मदत मागितली. १९७२मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. नुसती भाषणं नव्हती, बरं का. महिला मंडळांनी कमी लोण्यातला स्वयंपाक करून दाखवला. नर्सनी रक्तदाब मोजून नोंदी ठेवल्या. दुधावर पोट असलेल्या शेतकऱ्यांना बेरी लावायला मदत मिळाली. मला हा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण लोणी कमी करा म्हणताना त्यांच्या मिळकतीचाही विचार झाला. पुढच्या चार दशकांत तिथल्या कमावत्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. त्यात चांगल्या उपचारांचा वाटा आहेच, पण मोठा वाटा कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान कमी झाल्याचा.

मग हे सगळीकडे का होत नाही? कारण टळलेल्या पक्षाघाताचं बिल फाटत नाही आणि त्याचं उद्घाटनही होत नाही. ऑपरेशनचे पैसे मिळतात. दर महिन्याला पेशंटला बोलावून गोळ्या चालू आहेत ना हे बघणाऱ्याला काय मिळतं? खरी सुधारणा इथे हवी. ब्रिटनमध्ये २००४पासून फॅमिली डॉक्टरांच्या मोबदल्याचा काही भाग अशा कामाशी जोडला गेला, म्हणजे किती पेशंटांचा रक्तदाब आटोक्यात आहे वगैरे.

एक सावधगिरी मात्र हवी. सरसकट तपासण्या म्हणजे प्रतिबंध नव्हे. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कॅन्सरचं निदान होण्याचं प्रमाण सुमारे १५ पट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळजवळ तेवढंच राहिलं. कितीतरी लोकांच्या गळ्यावर विनाकारण शस्त्रक्रिया झाली.

तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात एक प्रश्न विचारून बघा: इथे रक्तदाबाचे पेशंट किती, आणि त्यातल्या किती जणांचा आटोक्यात आहे? काय उत्तर मिळतं ते कमेंटमध्ये लिहा.