शंभर मीटरवरचा रोहित

(दृश्य: पहाट. ठाणे स्टेशन, ट्रान्स-हार्बरचा फलाट. सुटायच्या बेतात असलेली नेरूळ लोकल.)

पहाटेच्या ठाणे-नेरूळ गाडीला रविवारी गर्दी नसते. बाकं रिकामी, वरचे रॅकही रिकामे. तरी पक्ष्यांचे फोटो काढायला निघालेल्या या तिघांनी आपापल्या बॅगा मांडीवरच घेतल्यात. मधले काका निवृत्त मोटरमन. सगळी नोकरी गाडी चालवण्यात गेली, त्यामुळे प्रवासी म्हणून बसले की त्यांना अजून थोडं अवघडल्यासारखं होतं. सिग्नल आला की मान आपोआप वळते. शेजारच्या ताई कळव्याच्या, बँकेत आहेत. खिडकीशी बसलेली मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. ती आज पहिल्यांदाच आली आहे, मामाने वापरून दिलेला कॅमेरा घेऊन. चौथा गडी ऐरोलीला चढेल. तो आयटीतला. चढल्या चढल्या विचारेल, "आणलीत ना?"

आणलीय. काकांच्या मांडीवर आहे.

(दृश्य: बॅगेची चेन उघडते. काळी, लांबलचक लेन्स. हूडवर, म्हणजे पुढच्या ऊन अडवणाऱ्या कड्यावर, घासल्याच्या खुणा.)

निकॉनची २०० ते ५०० मिलिमीटरची झूम, लांबचं जवळ ओढणारी. २०१५ साली बाजारात आली. वजन २,३०० ग्रॅम. पुढच्या काचेला लागणारा फिल्टर ९५ मिलिमीटरचा, म्हणजे आमटीच्या वाटीचं तोंड धरा. या फिल्ममध्ये माणसांची नावं येणार नाहीत, मंडळींनी तशी अटच घातली होती. लेन्सची काही हरकत नव्हती.

आणि एक सांगून टाकतो. मीही यांच्यातलाच आहे. निवेदन तटस्थ असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

(दृश्य: सीवूड्स. रिक्षातून उतरणारे चौघे. खारफुटी, मागे उंच इमारती.)

टी. एस. चाणक्य हे खरं तर जहाजांवरचे अधिकारी घडवणारं कॉलेज. पण पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस "उद्या चाणक्यला" म्हणाला, की तो त्या परिसरातल्या पाणथळ जागेबद्दल बोलत असतो. ठाणे खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, तेव्हा तिकडे चरत असतात. मान खाली, चोच उलटी, चिखलपाणी गाळून त्यातलं बारीकसारीक पोटात. भरती चढली की चिखल बुडतो, आणि थवे उठून या तळ्यांवर विसाव्याला येतात. खाडीच्या वरच्या अंगाला २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. पण पक्ष्याला सीमारेषा कोण सांगणार! विश्रांतीच्या या जागा त्या रेषेबाहेर आहेत.

तर यायचं भरतीला. भरती कधी, हे काका मोबाइलवर बघत नाहीत. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघतात आणि तिला पाऊणने गुणतात. चतुर्थीची भरती तीनला, अष्टमीची सहाला, द्वादशीची नऊला. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

गोची पुढे आहे. अमावस्या-पौर्णिमेची भरती उधाणाची. पाणी भरपूर, थवेच्या थवे उठतात. पण ती येते भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. फोटोला प्रकाश हवा सकाळी सातचा. सातच्या आसपासची भरती अष्टमी-नवमीला, आणि ती नेमकी भांगाची. पाणी जेमतेम चढतं, चिखल पुरता बुडत नाही, बरेच पक्षी खाडीतून हलतच नाहीत. मधली वाट एकादशी-द्वादशीची. या चौघांपैकी उपास एकही करत नाही, पण पुढची एकादशी कधी, हे चौघांना तोंडपाठ असतं.

आज एकादशी आहे.

(दृश्य: तळ्यावर उतरणारा थवा. मुलीच्या कॅमेऱ्याची मागची स्क्रीन.)

मुलीने पहिला फोटो काढला, स्क्रीनवर बघितला आणि म्हणाली, "काका, हे गुलाबी काय तेच का?"

तेच. थोडा हिशेब करू. लहान रोहित उभा राहिला की ऐंशी ते नव्वद सेंटिमीटर. तो शंभर मीटरवर आहे. मुलीकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची किट लेन्स. ती पूर्ण ताणली तरी त्या पक्ष्याची सेन्सरवरची प्रतिमा अर्धा मिलिमीटरही भरत नाही. २४ मेगापिक्सेलच्या आडव्या फोटोची उंची ४,००० पिक्सेल, त्यात पक्ष्याच्या वाट्याला सव्वाशेच्या आसपास. तेवढ्यात चोच गडद किरमिजी की फिकट गुलाबी, म्हणजे हा लहान रोहित की मोठा, हे कळायची आशा नको. तोच पक्षी, तीच जागा, लेन्स ५०० मिलिमीटर: हजारावर पिक्सेल. डोळाही दिसतो.

"कॅमेरा महत्त्वाचा नाही, नजर महत्त्वाची." हे वाक्य मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांच्या कपाटात बहुतेक वेळा दोन-दोन टेली, म्हणजे लांब पल्ल्याच्या लेन्स होत्या. शंभर मीटर अंतर नजरेने कापता येत नाही. चिखलात उतरून पुढे सरकायचं तर थवा उठतो, आणि विसाव्याला आलेल्या पक्ष्याला उठवणारा माणूस या गटात पुढच्या रविवारी दिसत नाही. म्हणून काच, म्हणजे लांब लेन्स, लागते. काच महाग असते. यांच्या तासन् तास चालणाऱ्या गप्पा या एका गाठीभोवती फिरत असतात, मग विषय मिररलेसचा असो नाहीतर ट्रायपॉडच्या बॉलहेडचा.

(दृश्य: चौघे ओळीने, कॅमेरे डोळ्याला. फक्त शटरचे आवाज, मग बोलणं.)

"शटर किती ठेवलंयस?"

"दोन हजार. आयएसओ आठशे."

"एक्स्पोजर पॉइंट सातने खाली घे. पंखांवरचं पांढरं उडतंय."

"ताई, तुमचं फोकस लागतंय?"

"पाण्यावर लागतंय. पक्षी सोडून सगळ्यावर लागतंय."

साडेनऊनंतर खेळ संपतो. चिखल तापतो, वरची हवा थरथरायला लागते आणि लांबचं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं वितळतं. मग ५०० लावा नाहीतर ६००, फोटो सॉफ्टच, म्हणजे धूसरच येणार. नवीन माणूस इथे लेन्सला दोष देतो. जुना माणूस चहाला जातो.

(दृश्य: चहाची टपरी. बाकड्यावर लेन्स, शेजारी कटिंगचे ग्लास. हातभर अंतर राखून.)

या लेन्सचं हे तिसरं घर. पहिल्यांदा ती वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरने कोरी घेतली. दोन हिवाळे वापरली. मग घराचा हप्ता सुरू झाला आणि त्याने ती विकली. ज्या दिवशी दिली त्या दिवशी तो घेणाऱ्याला म्हणाला, "हिला कधी जुळी पोरं झाली तर एक मला दे." दुसरे मालक वाशीचे एक दंतवैद्य. हौस दांडगी, वेळ नाही. त्यांनी लेन्स तिच्या मऊ पिशवीत घालून कपाटात ठेवली, आणि ती जूनमध्ये.

खाडीकाठच्या माणसाला पुढचं सांगायला नको. जूनमध्ये आत ठेवलेली चामडी चप्पल सप्टेंबरमध्ये हिरवी निघते. लेन्सचंही तेच. हवेत बुरशीचे बीजाणू असतातच. त्यांना हवा दमटपणा, अंधार आणि न हलणारी हवा. बंद कपाटात तिन्ही फुकट. काचेवरच्या धुळीवर आणि तेलकटपणावर बुरशी पोसते, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरते, आणि तिच्यातून पाझरणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. तंतू पुसता येतात. खाल्लेला लेप परत येत नाही.

दंतवैद्यांनी ऑक्टोबरमध्ये लेन्स काढली, टॉर्च मारून बघितली आणि काकांना फोन केला. काकांनी ती पडत्या भावात घेतली, उघडून साफ करून आणली. आजही पुढून टॉर्च मारली तर आतल्या काचेच्या कडेला केसाएवढी एक रेघ दिसते. फोटोत ती दिसत नाही. सूर्य समोर असला तरच रंग किंचित विटतात, एवढंच.

(दृश्य: काकांचं घर, नौपाडा. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत लेन्स, आर्द्रता दाखवणारं घड्याळ.)

तेव्हापासून लेन्स या डब्यात राहते. डबा मुळात दहा किलो तांदळाचा. आतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये ठेवायची. त्याहून फार कोरडी हवाही नको, रबर आणि वंगण सुकतं. तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे दमट झाले की गुलाबी होतात, मग तापवून पुन्हा निळे करायचे. काकांनी पहिल्यांदा ते स्वयंपाकघरातल्या कढईत तापवले. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, हे त्यांनी नंतर वाचलं आणि भाबडेपणाने काकूंना वाचूनही दाखवलं. ती कढई आता लेन्सच्या मालकीची आहे.

(भिजलेला कॅमेरा तांदळात ठेवायचा सल्ला जो देतो, त्याने नंतर बटणांच्या फटीतलं पीठ काढायलाही यावं.)

(दृश्य: घोडबंदर रस्ता, ओवळा. झाडीत वाकलेल्या ताई.)

ताईंना ही लेन्स पेलत नाही, आणि त्या तसं स्पष्ट सांगतात. त्यांचा रविवार एरवी ओवळेकर वाडीत जातो, फुलपाखरांत. बारीक गोष्टी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स घेतलेली नाही. जुनी ५० मिलिमीटरची लेन्स, जिच्या अंगावर ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, लहान-मोठं करायची कडी आहे, ती एका साध्या रिंगने कॅमेऱ्याला उलटी लावतात. उलटी लेन्स चार बोटांवरचं खवलंन् खवलं दाखवते. तोटा असा, की फुलपाखरापासून चार बोटांवर जावं लागतं आणि फोकस श्वासाबरोबर हलतं. ब्लू मॉर्मन, आपलं राज्य फुलपाखरू, त्यांना तीन वर्षांत एकदाच असं बसलेलं सापडलं.

(दृश्य: सोसायटीचं ऑफिस, संध्याकाळ. टेबलावर पसरलेले प्रिंट.)

महिन्यातून एकदा सगळे जमतात. प्रत्येकाने एकच फोटो आणायचा, छापून, १२ बाय १८ इंच. मोबाइलवर सगळेच फोटो शार्प दिसतात. कागदावर इंचाला ३०० ठिपके धरले तर ३,६०० गुणिले ५,४०० पिक्सेल लागतात, तिथे क्रॉप केलेला, म्हणजे फोटो कापून मोठा केलेला पक्षी उघडा पडतो. नियम दुसरा: सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ज्याचा फोटो, त्याने तोंड उघडायचं नाही.

आयटीवाल्याने उडता रोहित आणलाय. पंख पूर्ण उघडे, डोळ्यात चमक, मागे काही नाही. बराच वेळ कुणी बोलत नाही. मग ताई म्हणतात, "छान आहे. पण हा कुठेही काढता आला असता. यात नवी मुंबई कुठेय?" तो तोंड उघडतो, नियम आठवून मिटतो, आणि चहा सांगायला उठतो. मला त्याची बाजू घ्यावीशी वाटली होती. पुढच्या महिन्यात त्याने तोच थवा आणला, मागे इमारतींची रांग आणि बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. पक्षी जरा सॉफ्ट होता. तो फोटो अजून ऑफिसच्या भिंतीवर आहे.

काकांनी एकदा वडिलांनी काढलेला फोटो आणला होता. मासुंदा तलाव, काठावर दोन पोरं, त्यातला एक काका. कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. एका रिळात बारा फोटो. "बाबा एका रिळात दिवाळी ते शिमगा काढायचे," काका म्हणाले. आयटीवाल्याच्या कॅमेऱ्यात बारा फोटो निघायला एक सेकंद पुरतो. त्याने ते बोलूनही दाखवलं. काकांनी फक्त चष्मा पुसला.

(दृश्य: पुन्हा नेरूळहून सुटणारी गाडी. काकांच्या हातात शंभर पानी वही.)

परतीच्या गाडीत काकांनी बॅग मुलीच्या मांडीवर ठेवली. "पुढच्या एकादशीपर्यंत तुझ्याकडे. तुझ्या कॅमेऱ्यावर बसते. वापर."

"काका, पडली तर?"

"वहीत लिहायचं."

वही लेन्सबरोबर फिरते. जो नेतो, तो नोंद करतो. मुलीने पंधरा दिवसांनी केलेली नोंद ही:

(दृश्य: वहीचं पान, निळ्या शाईतलं अक्षर.)

"एकादशी. चाणक्य. भरती ८:५०. फ्रेम ६१४, ठेवलेल्या ३. तिसऱ्यात डोळा शार्प, पाय कापलेत. हात अजून दुखतोय. हूडवर नवीन ओरखडा आहे तो माझा, कुंपणाला लागला. सिलिका गुलाबी झाली होती, आईने कढई दिली नाही, उन्हात ठेवली. पुढच्याने तापवून घ्यावी."