एका विशेषणावर अडलेली राज्यघटना

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय आहे इंग्रजीतील एक विशेषण, ‘डिस्टिंक्ट’. ‘डिफरंट’ आणि ‘सेपरेट’ हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत, त्यामुळे त्यांच्यावर मी वेळ घेत नाही. दोन गोष्टींत फरक आहे एवढेच सांगायचे असेल तर ‘डिफरंट’ पुरेसा आहे. तो फरक इतका उघड आहे की एकीला दुसरी समजण्याचा संभवच नाही, असे सांगायचे असेल तर ‘डिस्टिंक्ट’ हवा. नुसता फरक नव्हे, तर उघड फरक, हे लक्षात असू द्यावे.

गणितात या शब्दाचा वापर सर्वांत काटेकोर आहे. एक्स वर्ग उणे पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य, या समीकरणाची मुळे २ आणि ३ येतात, म्हणून ती ‘डिस्टिंक्ट’. एक्स वर्ग उणे सहा एक्स अधिक नऊ बरोबर शून्य, येथे दोन्ही मुळे ३ येतात, म्हणून ती ‘डिस्टिंक्ट’ नाहीत. गणितात या शब्दाला दुसरा अर्थच नाही. व्यवहारात मात्र तो दोन बाजूंना झुकतो: स्वभावाने वेगळा, आणि अस्तित्वाने स्वतंत्र. या दोन बाजूंमुळे एका देशाची घटनादुरुस्ती अडली, आणि ती हकिगत सांगण्यासाठीच मी हा शब्द आज निवडला आहे.

तो देश कॅनडा. १९८२ साली राज्यघटना बदलण्याचा अधिकार ब्रिटिश संसदेकडून पूर्णपणे कॅनडाकडे आला, परंतु फ्रेंचभाषकांचे बहुमत असलेल्या क्वेबेक प्रांताच्या सरकारने त्या व्यवस्थेला संमती दिली नव्हती. ती मिळावी म्हणून १९८७ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान ब्रायन मुलरोनी यांनी दहाही प्रांतांच्या प्रमुखांना ‘मीच लेक’ या सरोवराकाठच्या ठिकाणी बोलावले आणि तेथे एक करार झाला. त्यातील मध्यवर्ती कलम असे होते की क्वेबेक हा कॅनडाच्या अंतर्गत एक ‘डिस्टिंक्ट सोसायटी’ आहे.

वाद सुरू झाला तो या एका विशेषणावरून. समर्थक म्हणत की यात नवे काहीच नाही. क्वेबेकची भाषा वेगळी, तेथील दिवाणी कायद्याची परंपरा वेगळी, आणि जे डोळ्यांना दिसते तेच कागदावर येत आहे. विरोधक विचारत की शब्द केवळ वर्णनापुरता असेल, तर तो घटनेत कशाला हवा? उद्या न्यायालय त्याचा अर्थ लावील आणि एका प्रांताला इतरांहून निराळा दर्जा मिळेल. माजी पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी या कराराला कडाडून विरोध केला. पहिल्यांच्या मनात स्वभावाने वेगळा हा अर्थ होता, तर दुसऱ्यांना स्वतंत्र दर्जाची भीती वाटत होती. शब्द एकच, अर्थ दोन, आणि कोणीही इंग्रजी चुकीचे वापरत नव्हते. (समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्याची पद्धत मला म्हणूनच मुळीच मान्य नाही, यादीत जे शब्द एका ओळीत सुखाने नांदतात, तेच वाक्यात एकमेकांच्या जागी चालत नाहीत.)

करार अमलात येण्यासाठी दहाही प्रांतांच्या विधिमंडळांची मान्यता आवश्यक होती आणि मुदत संपणार होती २३ जून १९९० रोजी. मॅनिटोबाच्या विधिमंडळात अखेरच्या दिवसांत नियमांची चाकोरी सोडून प्रस्ताव पुढे नेण्यासाठी सर्व सदस्यांची एकमुखी संमती हवी होती. तेथे एलिजा हार्पर नावाचे मूलनिवासी समाजाचे एक सदस्य हातात गरुडाचे पीस धरून बसले होते. संमती विचारली गेली की ते शांतपणे ‘नो’ म्हणत. या करारात मूलनिवासींना कोणीही विचारलेले नाही, हा त्यांचा आक्षेप होता. ‘डिस्टिंक्ट’ म्हणवून घेण्याचा हक्क क्वेबेकला असेल, तर युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे राहणाऱ्या समाजांना तो का नसावा, या प्रश्नाला करारात उत्तर नव्हते. मला हा आक्षेप आजही न्याय्य वाटतो. मॅनिटोबात मतदान झाले नाही, न्यूफाउंडलंडमध्येही झाले नाही, आणि करार मोडला.

१९९२ मध्ये हाच शब्दप्रयोग असलेला दुसरा करार जनमतात फेटाळला गेला. १९९५ च्या सार्वमतात क्वेबेकच्या ५०.५८ टक्के मतदारांनी सार्वभौमत्वाच्या विरोधात कौल दिला, म्हणजे निसटत्या फरकाने, आणि त्यानंतर डिसेंबरमध्ये कॅनडाच्या प्रतिनिधिगृहाने क्वेबेक ‘डिस्टिंक्ट सोसायटी’ असल्याचा ठराव संमत केला. तो ठराव होता. घटनेत तो शब्द आला नाही.

आता वापराविषयी थोडक्यात. ‘डिस्टिंक्ट’चा आणखी एक अर्थ म्हणजे स्पष्ट जाणवणारा, ‘डिस्टिंक्ट पॉसिबिलिटी’ म्हणजे दुर्लक्ष करता येणार नाही अशी शक्यता, खात्री नव्हे. ‘डिस्टिंक्टिव्ह’ हा शब्द निराळा आहे. ज्या आवाजातील प्रत्येक शब्द नीट ऐकू येतो तो ‘डिस्टिंक्ट’, आणि ज्यावरून माणूस ओळखू येतो तो ‘डिस्टिंक्टिव्ह’. बंद दारापलीकडून एकही शब्द कळत नसताना बोलणारा कोण हे कळले, तर तो आवाज ‘डिस्टिंक्टिव्ह’ आहे, ‘डिस्टिंक्ट’ नाही.

या विशेषणानंतर ‘फ्रॉम’ येतो, ‘दॅन’ येत नाही. पुन्हा सांगतो, ‘डिस्टिंक्ट फ्रॉम’. त्यातूनच ‘अ‍ॅज डिस्टिंक्ट फ्रॉम’ हा उपयुक्त प्रयोग तयार झाला आहे. भाडेकरू, मालक नव्हे. सूचना, आदेश नव्हे. असे बजावून सांगायचे असेल तेथे तो वापरतात. बोलण्यात तो जड वाटतो, पण करार किंवा नियम लिहिणाऱ्याने तो अवश्य वापरावा.