फोटोतलं कुंकू काळं का?

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात कवेलूच्या घरात भिंतीवरच्या फोटोंना ओल धरते. बुरशीचे ठिपके पडतात अन् फोटो काचेला चिकटून बसतो. असा फोटो ओढून काढू नका, चेहरा काचेलाच राहतो. काचेसकटच स्कॅन करून घ्या. सुट्या फोटोवरची धूळ मऊ ब्रशनं झटका, ओला फडका लावू नका. स्कॅन निदान 600 डीपीआयवर, म्हणजे एका इंचात 600 ठिपके, असावं. मग भेगा बुजवणं, डाग काढणं, सगळं संगणकातल्या प्रतीवर. मूळ फोटोला हात नाही.

इथवर सोपं आहे. खरी गडबड काळ्यापांढऱ्या फोटोत रंग भरताना होते.

पणजीच्या जुन्या फोटोत कपाळावरचं कुंकू काळं ठिक्कर दिसतं ना? त्या काळी स्टुडिओतल्या कॅमेऱ्यात बरेचदा ऑर्थोक्रोमॅटिक काच किंवा फिल्म असे. तिला निळा-हिरवा उजेड कळे, लाल कळत नसे. म्हणून कुंकू काळं, लाल पागोटं काळं, लाल लुगडंही काळंच. निळं मात्र प्रत्यक्षापेक्षा फिकट. सगळ्या रंगांना जागणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म हळूहळू रुळली. आता मोबाइलमधलं अ‍ॅप पणजीचं कुंकू काळं ठेवतं नि लग्नातलं लुगडं शाईच्या रंगाचं करतं. त्याला कोण सांगणार?

गाडगेबाबांचं बघा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, 1876 चा जन्म. अंगावर चिंध्यांचं ठिगळाठिगळांचं पांघरूण. अ‍ॅपला रंगाची खात्री नसली की ते बहुधा मधला तपकिरी रंग फासतं. मग ती सगळी ठिगळं एकाच मातकट कापडाची होतात. यापेक्षा बाबांचा काळापांढरा फोटोच मला खरा वाटतो.

घरच्या फोटोची गोष्ट वेगळी. तिथं विचारायला माणूस असतो. स्कॅन केलेला फोटो मोठा करून घरातल्या म्हातारीपुढं धरा. “हे लुगडं कोणतं वं, माय?” ती म्हणेल, “हिरवं होतं, काठ तांबडा. जत्रेतलं.” कधी दोन म्हाताऱ्या दोन रंग सांगतील. भांडू द्या, दोन्ही लिहून घ्या. कोणी सांगितलं, तेही लिहा. मूळ फोटोच्या पाठीवर नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा वळ पुढून उमटतो. रंगीत प्रतीच्या कोपऱ्यात ‘रंग नंतर भरले’ एवढं टाका, आणि काळीपांढरी फाइल वेगळी जपून ठेवा.