मेंढ्याची बैठक

(दृश्य: गडचिरोली-धानोरा रस्ता. दोन्ही बाजूंना जंगल, मधूनच धानाची बांधी.)

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या दिशेनं निघालं की तीसेक किलोमीटरवर लेखा लागतं, आणि लेखाला लागूनच मेंढा. शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव. शेजारून कठाणी नदी वाहते. वर्तमानपत्रं दोन्ही नावं जोडून 'मेंढा-लेखा' असं छापतात. आपली गोष्ट मात्र मेंढ्याची.

या गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोचली आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' गोंडीत म्हणतात, 'मावा नाटे मावा राज.' गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथं एकीकडे नक्षलवाद्यांची बंदूक आणि दुसरीकडे पोलिसांची, तिथं असं काही ऐकलं की अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठी पडायची. पण घोषणेचा पहिला अर्धा भाग नीट ऐका. दिल्ली-मुंबईतलं सरकारही आमचंच, असं हे गाव म्हणतं. भांडण सरकारशी नव्हतंच. आमच्या जंगलाबद्दल आम्हाला न विचारता ठरतं, एवढंच दुखणं होतं.

घोषणा द्यायला मिनिट पुरतं. मेंढ्यानं त्या घोषणेमागे चाळीस वर्षं बैठका घातल्या. हा माहितीपट त्या बैठकांचा आहे.

(दृश्य: इंद्रावती नदी, भामरागडचा परिसर. जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

सुरुवात मेंढ्यात नाही, धरणांत आहे. ऐंशीच्या दशकात इंद्रावतीवर भोपालपटनम आणि गोदावरीवर इचमपल्ली असे दोन मोठे जलविद्युत प्रकल्प घाटत होते. त्यात हजारो हेक्टर जंगल आणि आदिवासींची गावं बुडणार होती. 'जंगल बचाओ, मानव बचाओ' या नावानं आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे होते, आदिवासींचे नेते लालश्याम शाह होते, आणि पायी चालत आलेली गावंच्या गावं होती. प्रकल्प बारगळले. बहुतेक आंदोलनांची गोष्ट इथंच संपते. लोक घरी जातात, धानाच्या रोवणीला लागतात.

मेंढ्याचे देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती घरी गेले ते एक प्रश्न घेऊन. धरण तर थांबलं, पण रोजचं काय? सरपणाला जंगलात गेलं तर गार्ड अडवतो, नांगराला लाकूड आणलं तर गुन्हा होतो. धरण रोखणारे आपण, आणि आपल्याच बांबूला हात लावायची चोरी!

त्याच सुमारास जयप्रकाशांच्या आंदोलनातून घडलेला एक कार्यकर्ता अशा गावाच्या शोधात होता, जिथं निर्णय बहुमतानं न होता सर्वांच्या सहमतीनं होतात. मोहन हिराबाई हिरालाल. आईचं नाव आधी, मग वडिलांचं, आडनाव नाहीच. त्यांची संस्था 'वृक्षमित्र'. ते मेंढ्यात आले ते शिकवायला नव्हे, अभ्यासाला. गावानं अट घातली असेल-नसेल, पण पुढं नियमच झाला. बाहेरच्या कुणाला गावात काही काम करायचं असेल, मग तो अधिकारी असो, संशोधक असो की संस्था, त्यानं आधी ग्रामसभेपुढं यायचं.

(दृश्य: गोटुल. लाकडी खांब, मधलं अंगण.)

हे गोटुल. गावातल्या तरुण मुला-मुलींनी संध्याकाळी जमायची, गाण्या-नाचण्याची, शिकण्याची जागा. मोडकळीला आलेलं गोटुल गावानं पुन्हा उभारायचं ठरवलं आणि त्यासाठी जंगलातून सागवान आणलं. वनखात्याच्या लेखी ती लाकूडचोरी. खात्याचे लोक आले आणि त्यांनी गोटुल पाडलं.

दगडफेक झाली नाही. आसपासच्या गावांची सभा बसली आणि ठराव झाला, की आता गावोगावी गोटुल बांधायचं. पाडायचं असेल तर सगळीकडे येऊन पाडा. खात्यानं ते धाडस केलं नाही. या जिल्ह्यात हिंसेनं किती घरं उजाडली हे ठाऊक असलेल्या माणसाला या प्रसंगाची किंमत वेगळी सांगायला नको.

(दृश्य: ग्रामसभा. बायका एका बाजूला, मध्ये वह्या.)

आता बैठकीकडे येऊ, कारण खरं काम इथं झालं.

मेंढ्यात दोन प्रकारच्या बैठका असतात. एक अभ्यासगट. त्यात कुणीही यावं, बाहेरचेही चालतात. कायदा वाचायचा, नकाशा पाहायचा, प्रश्न विचारायचे. अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तिथं फक्त गाव. ही वाटणी फार शहाणपणाची आहे. शिकलेला माणूस माहिती देतो आणि त्याच ओघात निर्णयही देऊन टाकतो, हे आपण सोसायटीच्या सभेपासून विधानसभेपर्यंत पाहतोच. मेंढ्यानं ते दार बंद केलं.

ग्रामसभेला घरातून एक पुरुष आणि एक बाई यायलाच हवी, असा दंडक. मतदान नाही. एकाची जरी हरकत असली तरी विषय पुढच्या बैठकीवर. हे ऐकायला सुंदर वाटतं, प्रत्यक्षात चिवट काम आहे. दारूचाच विषय घ्या. बायकांना दारू बंद हवी होती. पण मोहाची दारू देवाला लागते, लग्नाला लागते, मरणाला लागते. कित्येक बैठका गेल्या. शेवटी ठरलं, की विधीपुरती चालेल, विकायला काढायची नाही, पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला दंड. बहुमतानं हे एका संध्याकाळी उरकलं असतं आणि दुसऱ्या दिवशी मोडलंही असतं. स्वतः 'हो' म्हटलेला माणूस नियम मोडताना दोनदा विचार करतो, आणि शेजारीही त्याला हटकू शकतो.

जंगलाचे नियमही असेच ठरले. फळासाठी झाड तोडायचं नाही. चारोळी काढायची तर चढून काढायची, फांदी आडवी करायची नाही. वणवा दिसला की सगळ्यांनी धावायचं. आळीपाळीनं जंगलाची राखण करायची.

(दृश्य: बांबूचं बेट, जवळून. बुडाशी नवे कोंब.)

मग बांबू.

बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या भागातला बांबू सरकारनं दीर्घ मुदतीच्या करारानं दिला होता. गोंडांना घराच्या कुडाला, टोपल्या-सुपांना, मांडवाला बांबू लागतो. पावसाळ्यात फुटणारे कोवळे कोंब, इथं त्यांना वास्ते म्हणतात, ते भाजीला लागतात. आदिवासीनं दहा बांबू आणले तर तो गुन्हेगार आणि ट्रक भरून गेले तर तो उद्योग! मेंढ्यानं जुने निस्ताराचे कागद शोधून काढले. जमीनदारी गेल्यानंतर गावांच्या गरजेचे हक्क नोंदवलेले हे दस्त. त्यांच्या आधारानं गाव खात्याशी बोलू लागलं. पुढं संयुक्त वनव्यवस्थापन आलं, म्हणजे खात्यानं आणि गावानं मिळून जंगल सांभाळायची योजना. ती योजना उजाड जंगलांसाठी होती. मेंढ्याचं जंगल चांगलं होतं, म्हणून त्यांना नाही म्हणाले! जंगल राखलं ही शिक्षा की काय? गावानं हेका सोडला नाही, आणि उभं, दाट जंगल असूनही मेंढा त्या योजनेत आलं.

२००६ साली संसदेनं वनहक्क कायदा केला. त्याच्या प्रास्ताविकातच कबुली आहे, की वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. बहुतेकांना या कायद्यातली वैयक्तिक शेतजमीन दिसली. मेंढ्याच्या अभ्यासगटाला दुसरं कलम दिसलं, सामूहिक वनसंपत्तीचं. गावानं परंपरेनं राखलेलं आणि वापरलेलं जंगल सांभाळण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क. म्हाताऱ्यांचे जबाब, निस्ताराचे कागद, शिवेचा नकाशा, सगळं जोडून दावा दाखल झाला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याच्या ग्रामसभेचा हक्क मान्य झाला. जिल्ह्यातल्या मारदा गावालाही त्याच वेळी मिळाला. देशात सर्वांत आधी हा हक्क मिळालेल्या गावांत ही दोन.

हक्क मिळाला आणि बांबू अडला. वाहतुकीचा परवाना वनखात्याकडे, आणि १९२७ चा भारतीय वन कायदा बांबूला झाड मानत होता. झाड म्हणजे लाकूड, लाकूड म्हणजे खात्याचं. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणतं, आणि वनहक्क कायद्यात तर तो गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंत, नावानिशी लिहिलेला. दोन कायद्यांच्या मध्ये ट्रक उभा. बांबू तोडता येतो पण गावाबाहेर नेता येत नाही, म्हणजे विकता येत नाही. हक्काचा कागद भिंतीवर लावायला तेवढा उरला.

गावानं पत्रं लिहिली, माणसं भेटली, अर्जावर अर्ज केले. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आजवर जी सही रेंजर साहेबाची असायची, ती आता गावातला माणूस करणार.

(दृश्य: बांबूतोड. कोयता, पेर, मोळी.)

तोड कशी होते पाहा. बेटात शिरणारा आधी वर बघतो. यंदाचा कोंब, गेल्या वर्षीचा, तो सोडायचा. जून झालेला, रंग उतरलेला बांबू निवडायचा आणि जमिनीपासून थोडं वर, पेराच्या लगत कोयता मारायचा. फार वर तोडला तर खुंट उरून बेट गुदमरतं, फार खाली तोडला तर मुळावर घाव. सोपा बाहेरचा बांबू तोडून मधला गुंता तसाच ठेवला, की बेट वाया जातं. मजुरीवर आलेल्याला त्याचं काय? त्याला दिवसाची मोळी भरायची असते. मेंढ्यातल्याला पुढच्या वर्षी त्याच बेटात यायचं असतं.

२०११-१२ च्या हंगामात ग्रामसभेच्या हाती बांबूचा एक कोटीहून जास्त पैसा आला. कोटी हा आकडा गावाला पेलणं सोपं नसतं. ग्रामसभेनं स्वतःचं पॅन कार्ड काढलं, मजुरी बँकेतून दिली, व्यापाऱ्याशी करार केले, कापलेल्या टीडीएसचा पाठपुरावा केला. गावातल्या पोरांनी हिशेब लिहायला शिकून घेतलं. चळवळीवरच्या चित्रफितींत हा भाग सहसा वगळतात. मोर्चा कॅमेऱ्याला आवडतो, रोजकीर्द आवडत नाही.

(दृश्य: पाचगाव, तालुका गोंडपिपरी.)

मेंढ्याचं पाहून चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव उभं राहिलं. त्यांना २०१२ मध्ये १,००६ हेक्टरचा हक्क मिळाला, आणि विड्या वळायला लागणारा तेंदूपत्ता न तोडायचं त्यांनी ठरवलं. उन्हाळ्यात हमखास रोकड देणारं पीक! पण चांगला पत्ता यावा म्हणून झाडं छाटतात, जंगलात आगी लावतात. पाचगावनं बांबू ठेवला, तेंदू सोडला. तेंदूवर ज्यांची वर्षाची बेगमी चालते अशा गावांना हा निर्णय परवडेलच असं नाही, आणि तो त्यांच्यावर लादण्यातही अर्थ नाही. आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून जास्त ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. सगळ्या मेंढ्यासारख्या चालत नाहीत. काही ठिकाणी ठेकेदारच ग्रामसभा चालवतो.

(दृश्य: सुरजागडचा डोंगर. लाल धुळीनं माखलेले ट्रक.)

आणि एटापल्ली तालुक्यात हे आहे. सुरजागडचा पहाड, आदिवासींच्या ठाकूरदेवाचं ठाणं. दर जानेवारीत इथं यात्रा भरते. याच पहाडावर २००७ मध्ये ३४८ हेक्टरचा लोहखाणीचा भाडेपट्टा दिला गेला आणि आज खाण जोरात चालू आहे. खाणीमुळं काम मिळालं म्हणणारे लोक इथं आहेत, ते खोटं बोलत नाहीत. पण परिसरातल्या ग्रामसभांचे विरोधाचे ठरावही आहेत. नव्या खाणी आणि त्यांच्यासाठीचे रुंद रस्ते नकोत म्हणून २०२३ मध्ये तोडगट्ट्याला गावकरी आठेक महिने ठिय्या देऊन बसले होते. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी आंदोलन मोडून काढलं. मेंढ्याला मंत्री येऊन परवाना देतात, तोडगट्ट्याच्या झोपड्या पाडल्या जातात. बांबूच्या बाबतीत ऐकणारं सरकार लोखंडाच्या बाबतीत ऐकत नाही, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

(दृश्य: मेंढ्यातली शेतं, बांध, धानाचे पुंजणे.)

मेंढ्यानं २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. विनोबांच्या काळातला, १९६४ चा महाराष्ट्र ग्रामदान कायदा कपाटात पडून होता. गावातल्या जमीनमालकांनी आपल्या जमिनींची मालकी ग्रामसभेला दिली. कसणं त्याच कुटुंबाकडे, वारसाहक्क त्यांच्याच मुलाबाळांकडे, मात्र गावाबाहेरच्या माणसाला जमीन विकता येणार नाही. रस्त्याकडेच्या शेताला गुंठ्यावर भाव मिळण्याच्या दिवसांत हा निर्णय झाला, तोही सर्वसहमतीनं. अभ्यासगटात ग्रामदानाची चर्चा वर्षानुवर्षं चालली होती.

अधिसूचना निघाली, पुढचे कागद मात्र हलेनात. ग्रामदानी गावाचा कारभार कसा सोपवायचा हे सरकारी यंत्रणाच विसरून गेली होती. गावाला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. २०२४ मध्ये मेंढ्याला वेगळ्या ग्रामपंचायतीचा दर्जा मिळाला. मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले. घरपट्टी, दाखले, लेखापरीक्षण ही कामं आता ग्रामसभेकडे येतात, आणि बांबूचे परवाने भरता भरता हात बसलेली पोरं ती करतात.

(श्रेयनामावली.)