रवाना, परत

(इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या नोव्हेंबर मेळाव्यातलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवून थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी.

मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि माझ्यानंतर थेट जेवण आहे. मसालेभाताचा वास इथवर येतोय, तेव्हा तुमची चुळबुळ मी मनावर घेणार नाही.

कार्यकारिणीने विषय दिला होता, 'सव्वीस अकराच्या शहीद पोलिसांना अभिवादन'. अभिवादनाची भाषणं आपण सगळ्यांनी भरपूर ऐकली आहेत. त्यात 'प्राणांची आहुती' असते, 'धारातीर्थी' असतं, आणि पाच मिनिटांनी तो माणूस कसा होता हेच आठवेनासं होतं. मी पोलिसाची मुलगी आहे. मला त्या शब्दांपेक्षा बक्कल नंबर, नाइट, बंदोबस्त हे शब्द जास्त जवळचे वाटतात. तेव्हा त्यांच्यातूनच बोलते.

मी ठाण्याची. वर्तकनगरच्या पोलीस लाइनीत वाढले. दोन खोल्यांचं घर, पुढे लांबलचक सामायिक गॅलरी आणि तारेवर ओळीने वाळत घातलेली खाकी. त्या तारेवरून आम्हा पोरांना घरोघरची खबर लागायची. दोन्ही ड्रेस तारेवर दिसले की काका घरात झोपलेत, दंगा करायचा नाही. एकच दिसला की काका ड्युटीवर, खुशाल क्रिकेट खेळा. आमच्या घरी पट्ट्याचं पितळी बक्कल ब्रासोने घासायचं काम माझ्याकडे होतं. फडकं काळं होईपर्यंत घासायचं, मग त्यात आपलं तोंड बघायचं. अजूनही कुठे तो वास आला की मी मान वळवते.

अण्णा हवालदार होते. बरीच वर्षं ठाणे अंमलदार म्हणून बसले. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते, ठाणे अंमलदार म्हणजे पोलीस ठाण्यात टेबलाशी बसून आलेल्या माणसाची तक्रार लिहून घेणारा. ठाणे शहराशी त्याचा संबंध नाही. मी मात्र चौथीपर्यंत वर्गात सांगत असे, की माझे वडील अख्ख्या ठाण्याचे अंमलदार आहेत. बाईंनीही कधी दुरुस्त केलं नाही.

त्या टेबलावर स्टेशन डायरी असते. कोण कुठे गेलं, किती वाजता गेलं, सगळं तिच्यात. अमुक हवालदार, बक्कल नंबर अमुक, बंदोबस्तकामी रवाना. माणूस आला की पुन्हा वेळ टाकून नोंद: परत. अण्णांच्या जिभेला ही भाषा इतकी चिकटली होती, की घरी कोणी 'वहिनी कुठे गेल्या?' विचारलं तर म्हणायचे, 'भाजीकामी रवाना.' आई आली की 'परत.' आई चिडायची. मला गंमत वाटायची. त्या दोन शब्दांचं एकमेकांशी काय नातं आहे, ते मला चोवीस वर्षांची होईपर्यंत कळलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. मी तेव्हा ऐरोलीला नोकरी करत होते. घरी येऊन जेवायला बसले होते आणि टीव्हीवर कटकची मॅच चालू होती, भारत विरुद्ध इंग्लंड. (हो, तुमचाच इंग्लंड. हल्ल्यानंतर मायदेशी परतलेली ती टीम डिसेंबरात पुन्हा भारतात आली आणि चेन्नईला कसोटी खेळली. लाइनीत त्याचं फार कौतुक झालं होतं. इथे आल्यावर मी हे ऑफिसात सांगितलं, तर कोणाच्या लक्षातच नव्हतं.) मॅच बाजूला राहिली, बातम्या लागल्या. आधी गँगवॉर म्हणाले, मग सीएसटी, मग ताज, मग कामा हॉस्पिटल. गॅलरीतल्या प्रत्येक घरातला टीव्ही एकच आवाज काढत होता. अकराच्या आसपास फोन वाजायला लागले. अर्ध्या तासात तारेवरचे ड्रेस गेले.

अण्णा आदल्या रात्रीची नाइट करून आले होते. ओला बनियन तसाच अंगात घालून त्यांनी वर शर्ट चढवला. मुलुंडच्या वेशीवर, आनंदनगर नाक्यावर नाकाबंदी लागली होती. अण्णांजवळ एक लाठी, एक बॅटरी आणि एक शिट्टी होती. टीव्हीवर एके ४७चे आवाज ऐकू येत होते आणि माझे वडील लाठी घेऊन गाड्या थांबवायला निघाले होते. आईने विचारलं, 'एवढंच?' अण्णा म्हणाले, 'येतो.'

त्याच सुमाराला मुंबईत गिरगाव चौपाटीवरही नाकाबंदी होती. तिथेही बहुतेकांच्या हातात लाठ्याच. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याची माणसं. त्यात तुकाराम ओंबळे होते, सहायक पोलीस उपनिरीक्षक. आमच्या भाषेत सहायक फौजदार. साताऱ्याकडच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी लष्करात, सिग्नल कोअरमध्ये होते. तिथून नाईक म्हणून निवृत्त होऊन १९९१ साली मुंबई पोलिसात आले. म्हणजे बंदूक काय करते हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रात्री साडेबाराच्या सुमारास पळवलेली स्कोडा गाडी नाक्यावर आली. अडथळे बघून थांबली, वळायला गेली आणि दुभाजकाला धडकली. आत दोघे होते. एक पोलिसांच्या गोळीला बळी पडला. दुसरा, कसाब, एके ४७ घेऊन बाहेर आला, तेव्हा ओंबळे पुढे झाले आणि त्यांनी त्या बंदुकीची नळी पकडली. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या. नळी त्यांनी सोडली नाही. तेवढ्यात बाकीचे पोलीस लाठ्या घेऊन कसाबवर तुटून पडले. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत सापडला तो हा एकच. पुढे खटला उभा राहिला, कट कुठे शिजला हे कोर्टासमोर आलं, मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात ती अमलात आली. हे सगळं त्या काही सेकंदांच्या पकडीवर उभं आहे. ओंबळेंना २६ जानेवारी २००९ला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. 'परत,' असं म्हणाले नाहीत. बूट न काढता खुर्चीवर बसून टीव्ही बघत राहिले. तोपर्यंत चौपाटीची हकिगत सगळीकडे झाली होती. चहा गार झाला. मग एकदम म्हणाले, 'लाठी टाकली असणार त्यांनी.'

आम्हाला कळेना. अण्णा उठले, दाराआडची छत्री आणली आणि माझ्या हातात दिली. 'ही बंदूक समज. धर माझ्यावर.' उजव्या हातातली लाठी त्यांनी तशीच ठेवली आणि डाव्या हाताने छत्री धरली. 'ओढ.' मी ओढली, सुटली. मग त्यांनी लाठी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी छत्री आवळली. 'आता ओढ.' नाही सुटली. माझी सगळी ताकद लावली तरी नाही. 'दोन्ही हातांनी धरायचं तर आपल्याकडचं होतं ते टाकून द्यायला लागतं,' अण्णा म्हणाले. 'आम्हाला शिकवतात लाठी सोडायची नाही. त्यांनी सोडली.' आणि मोजे काढायला लागले.

फरशीवर लाठी पडल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी त्या रात्रीवरचे लेख वाचले, मुलाखती ऐकल्या. त्या छत्रीएवढं कोणी समजावून सांगितलं नाही.

त्या रात्री गेलेले अधिकारी करकरे, कामटे, साळसकर ही तीन नावं आपल्याला पाठ आहेत आणि असायलाच हवीत. हेमंत करकरेंचं तर आम्हा ठाणेकरांशी थेट नातं. त्याच वर्षी जूनमध्ये गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये स्फोट झाला, त्याच्या थोडं आधी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला. दोन्हींचा तपास त्यांच्या एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने केला. पण त्या रात्री सीएसटीवर रेल्वे पोलिसांचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे गेले. ताजमध्ये राज्य राखीव दलाचा राहुल शिंदे गेला, साधा जवान, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातला. त्याच्या सुलतानपूर गावाने पुढे स्वतःचं नाव बदलून राहुलनगर करून घेतलं. हे इथे किती जणांना माहीत होतं? मी हात वर करायला सांगत नाही. मलाही बरंच उशिरा कळलं.

आठवण ठेवण्यातही आपल्याकडे रँक चालते. ठाण्यात तलावपाळीवर दर सव्वीस नोव्हेंबरला मेणबत्त्या लागतात, फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे चेहरे दुचाकीएवढे आणि शहीद खाली पासपोर्ट साइझमध्ये. त्यातही साहेब लोक आधी, हवालदार कोपऱ्यात, कधीकधी नुसतेच 'व इतर'. इथे आमच्या गावच्या चर्चसमोर पहिल्या महायुद्धाचा स्तंभ आहे. त्यावर नावं अक्षरक्रमाने आहेत, हुद्दा नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथे उभी राहून 'व इतर' शोधत होते.

आणि मी फार शहाणी आहे असं समजू नका. चार वर्षांपूर्वी सुट्टीत घरी गेले होते. तीन हात नाक्यावर ट्रॅफिकवाल्याने अडवलं. बेल्ट लावला नव्हता. भर उन्हात तो माणूस उभा, मास्क काळा पडलेला, शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे. आणि मी काय म्हणाले असेन? 'माझे वडील डिपार्टमेंटला होते.' आयुष्यभर ज्या वाक्याची अण्णांनी चीड केली ते वाक्य. त्याने मला वर-खाली बघितलं आणि म्हणाला, 'मग बेल्टचं तुम्ही आम्हाला सांगायचं ताई. जावा.' पावती फाडली असती तर बरं झालं असतं. अण्णांना मी हे आजवर सांगितलेलं नाही. आता वेबसाइटवर आलं की कळेलच.

अण्णा २०१२ साली रिटायर झाले, जाता जाता सहायक फौजदार होऊन. क्वार्टर सोडावं लागलं, कळव्याला छोटी जागा घेतली. २१ ऑक्टोबरचा पोलीस स्मृतिदिन मात्र चुकवत नाहीत. १९५९मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज भागात चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव दलाचे दहा जवान गेले, त्यांच्यावरून हा दिवस पाळतात. वर्षभरात देशात जितके पोलीस ड्युटीवर गेले, त्यांची नावं मैदानावर वाचतात. राज्यामागून राज्य. अण्णा पांढरा शर्ट घालून मागे उभे राहतात. मी एकदाच सोबत गेले आहे. यादी लांब असते, पाय दुखतात, वाचणाऱ्याचा आवाज मध्येच बसतो, परप्रांतातली नावं अडखळत वाचली जातात. अण्णा प्रत्येक नावाला ओठ हलवत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, पुटपुटत काय होतात? म्हणाले, 'नोंद घेत होतो. डायरीत रवाना पडलंय, परत कोणीतरी लिहायला नको?'

एक शेवटची गोष्ट सांगते आणि मसालेभाताकडे रवाना होऊ.

२०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातून कोळ्याच्या दोन नव्या जाती नोंदवल्या गेल्या. उड्या मारणारे कोळी. काही मिलिमीटरचा जीव, आठ डोळे, त्यातले पुढचे दोन टपोरे. हे कोळी शिकारीसाठी जाळं विणून वाट बघत बसत नाहीत. सावज दिसलं की दबा धरून पुढे सरकतात आणि थेट झेप घेतात. त्यातल्या एकाचं नाव अभ्यासकांनी ठेवलं आयसियस तुकारामी, तुकाराम ओंबळेंवरून. पुतळ्यावर कबुतरं बसतात, फ्लेक्स आठवड्यात उतरतो. हे नाव मात्र जगातला कोणीही कोळ्यांचा अभ्यासक, त्याला चौपाटी माहीत असो वा नसो, असंच लिहिणार.

मी तो फोटो अण्णांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि फोन केला. त्यांनी चष्मा लावून, फोन लांब धरून, मोठा करून बघितला. पहिला प्रश्न: 'ठाण्यात सापडला? कुठल्या हद्दीत?' दुसरा प्रश्न: 'आपल्या खिडकीत उड्या मारतो तो हाच काय?' मी म्हटलं, अण्णा, तसले पुष्कळ प्रकार असतात, हाच असेल असं नाही. ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉल चालू होता. मागे आई झाडू घेऊन खिडकी साफ करत होती. अण्णा माझ्याशी बोलता बोलता मध्येच वळले आणि ओरडले, 'अगं, त्याला मारू नको. ड्युटीवर आहे तो.'